गायींच्या चाऱ्याचा खर्च कमी करायचा आणि पर्यावरणही सांभाळायचं, दोन्ही जमतं का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरजवळ 10 संकरित गायी आहेत, दुधाचे पैसे चारा-पेंडीतच जातात, आणि वर गायींच्या मिथेनबद्दल वाचून मनाला लागतं. मग खर्च बघू की पर्यावरण? माझा मोहोळ तालुक्यात आठ जनावरांचा गोठा आहे, त्या अनुभवावर सांगतो. बहुतेक वेळा दोन्हींची वाट एकच असते. जिथे फुटते तेही सांगतो.

आधी हिशेब गायीमागे नको, दुधाच्या लिटरमागे मांडा. गाय 5 लिटर देवो नाहीतर 12, तिचं स्वतःचं पोट भरायला लागतं ते लागतंच, आणि कोठीपोटात मिथेन तयार होऊन ढेकरेवाटे बाहेर पडतो तोही पडतोच. 100 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो. पण मिथेन म्हणजे गायीने खाल्लेल्या चाऱ्यातली वाया गेलेली ताकदच, म्हणजे तुमचेच पैसे. सगळ्यात महाग पडते ती भाकड गाय. खाते, ढेकरा देते, दूध शून्य. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यायला कंटाळलो आणि दोन गायी वेळेवर माजावर आल्या नाहीत, हे मी भोगलंय.

आता कडबा. वडील अख्खी पेंढी सोडून गव्हाणीत टाकायचे. गायी पानं ओरबाडून खायच्या, बुडाकडचे जाड धांडे तसेच उकिरड्यावर. एका संध्याकाळी मी ते उष्टं ताणकाट्यावर टांगलं: टाकलेल्या 40 किलोंपैकी 13 किलो! दुसऱ्या आठवड्यात कडब्याचे बारीक तुकडे करणारं कुट्टी मशीन आणलं. आपल्याकडची रब्बी मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, दाणे घराला आणि कडबा गोठ्याला, पाणी जवळजवळ नाही. असा चारा असताना त्याचा तिसरा हिस्सा झाडून टाकणं मला तरी पटत नाही.

पण नुसत्या कडब्यावर दूध निघत नाही. असा निकृष्ट सुका चारा जितका जास्त, तितका लिटरमागे मिथेनही जास्त. म्हणून पेंड लागतेच. मी गायीमागे रोज पोटापुरती दीड किलो आणि वर लिटरमागे 400 ग्रॅम धरतो. पूर्वी सरकी पेंड हात सैल सोडून घालायचो. जास्तीची प्रथिनं दुधात येत नाहीत, लघवीतून जातात. सकाळी गोठ्यात डोळे चुरचुरतात ना, तो त्याचाच अमोनिया. आता निम्मी सरकी कमी करून तूर चुणी आणि मक्याचा भरडा घालतो. चुणी म्हणजे डाळमिलचा उरलेला माल, तिच्यासाठी वेगळं रान लागत नाही.

वाट फुटते ती उसाच्या वाढ्यापाशी, म्हणजे तोडणीत उरणाऱ्या हिरव्या शेंड्यांपाशी. गळीत हंगामात जवळपास फुकट, शेतात जाळण्यापेक्षा गाईने खाल्लेलं बरंच. मीही एक हंगाम वाढ्यावरच काढला. गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसली, कान गार. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडली, अर्ध्या तासात उठली. म्हणाले, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं, गायीच्या अंगी लागू देत नाही. तेव्हापासून वाढं चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच, तेही कडबा कुट्टीत मिसळून.

दुसरी अडचण पाण्याची. नेपियर गवत भरघोस येतं, पण उन्हाळ्यात उजनी धरणाच्या कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) लांबलं की विहिरीवर ताण. माझं अर्धा एकर नेपियर अजून आहे, काढायला मन होत नाही, खोटं कशाला सांगू. पण नवीन लावलं नाही. पावसाळी मका दाणे चिकात असताना कापून मूरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करतो, दीड महिन्यानं उघडतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र साठतात. फाटलेल्या पिशव्या गोठ्याच्या पत्र्यावर टाकतो, पुढचं काही सुचलेलं नाही.

तुमच्या 10 गायींसाठी कुट्टी मशीन आणि काटा आधी घ्या, नवीन गाय नंतर. पेंड बदलायची तर 8-10 दिवसांत थोडी थोडी बदला, एकदम बदललीत तर पोट फुगतं आणि दूधही उतरतं.