54 मार्क पडलेत, मी इथं टिकेन का?

मी समुपदेशक, यूकेला मास्टर्सला गेलेल्या मुलांचे डिसेंबर-जानेवारीत मला जे मेसेज येतात त्यातला हा ठरलेला प्रश्न. पहिल्या असाइनमेंटचे मार्क लागतात आणि आयुष्यभर 80 च्या खाली न आलेलं पोरगं 54 बघून हादरतं. मागे एका मुलाबरोबर ऑनलाइन काम केलं होतं, त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

सांगलीकडचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, इंग्लंडमधे मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात एक वर्षाचा एमएससी. 1992 च्या कायद्यानंतर जी पॉलिटेक्निकं विद्यापीठं झाली त्यातलं एक. घर तारण ठेवून लोन काढलेलं. पहिल्या रिपोर्टला 54 आणि खाली शेरा, की वर्णन खूप आहे, चिकित्सा नाही. त्याचं म्हणणं, "मॅडम, मी सगळं लिहिलं होतं, एकही मुद्दा सोडला नाही." मी म्हटलं बरोबर आहे, अडचण तीच आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पेपरात सगळे मुद्दे आले की मार्क मिळतात, तिथं विचारतात की या दोन पद्धतींतली तू कोणती निवडलीस, का निवडलीस, आणि ज्याचा पेपर तू वाचलास त्याचं कुठं चुकतंय. जगभर मान असलेल्या प्रोफेसरचं चुकतंय असं लिहायचं हेच आपल्या मुलांना उद्धटपणा वाटतं, हात धजत नाही.

आधी आम्ही ते आकडे नीट बघितले. मास्टर्सला साधारण 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन. निबंध-रिपोर्टला 80 च्या वर फार क्वचित कोणी जातं. म्हणजे 54 म्हणजे पास, काठावर नाही पण फार पुढंही नाही. हे कळल्यावर तो जरा शांत झाला, पण मला खरी काळजी त्या 54 ची नव्हतीच.

तो लेक्चरला जायचा बंद झाला होता. सेमिनारमधे बाकीचे बोलतात, आपल्याला काही सुचत नाही, मग जायचंच कशाला. रूमवर पडून राहायचं, चारलाच बाहेर अंधारून यायचं, जेवण म्हणजे मॅगी. आई आपल्याकडच्या रात्री आठला फोन करायची तेव्हा तिथं दुपारचे अडीच वाजलेले असायचे आणि हा नुकताच उठलेला, पण आवाज एकदम फ्रेश काढून "लायब्ररीत आहे गं" म्हणायचा. त्यात एकानं रोख पैशांवर जास्त तासांचं वेअरहाऊसचं काम सुचवलेलं, आणि व्हॉट्सअॅपवरचा कोणीतरी "असाइनमेंट लिहून देतो, पकडले जाणार नाही" म्हणत मागं लागलेला.

इथं मी समुपदेशकाचा मऊ आवाज बाजूला ठेवला. 54 मार्कांनी व्हिसा जात नाही, पण विद्यापीठ तुझ्या व्हिसाचं स्पॉन्सर आहे, न सांगता गैरहजर राहत गेलास तर त्यांना होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावं लागतं. डिग्रीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम चालत नाही, रोख घेतलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. आणि विकतची असाइनमेंट म्हणजे मिस्कंडक्टची, म्हणजे गैरप्रकाराची, चौकशी. असली सेवा विकणं इंग्लंडमधे 2022 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि हेच लोक पुढे मुलांना "विद्यापीठाला सांगू" म्हणून ब्लॅकमेल करतात. घाबरवायला नाही सांगितलं, भीती चुकीच्या जागी बसली होती ती हलवायची होती.

मग छोटी कामं. झोपेची वेळ. आठवड्यातलं एक लेक्चर, बोलायचं नाही, फक्त जाऊन बसायचं. जीपीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, व्हिसाच्या वेळी त्या सेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज भरलेलाच असतो आणि तरी कित्येक मुलं आजारी पडेपर्यंत नोंदवत नाहीत. आणि पर्सनल ट्यूटरला, म्हणजे विद्यापीठानं नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाला, मेल. या मेलवरच आम्ही सगळ्यात जास्त अडकलो, कारण त्याच्या मते सरांकडे स्वतःहून जाणं म्हणजे आपण ढ आहोत हे कबूल करणं. तिथं उलट आहे, ऑफिस अवर्स, म्हणजे शिक्षकांना भेटायच्या वेळा, त्यासाठीच ठेवलेल्या असतात, पण तुम्ही गेला नाहीत तर बहुतेक वेळा कोणी शोधत येत नाही. चार ओळींचा मेल लिहायला त्याला आठवडा लागला. ट्यूटरनं रिपोर्टमधला एकच परिच्छेद घेऊन, इथं तुझं मत कुठंय, एवढं विचारलं आणि याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याला जीव नकोसा झाला होता का हे मी स्पष्ट विचारलं होतं, नाही म्हणाला. पण कोणाला तसं वाटत असेल तर यूकेमधे सॅमॅरिटन्स या हेल्पलाइनचा 116 123 हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो, आणि विद्यापीठाची वेलबीइंग टीमही असते.

घरी सांगणं सगळ्यात शेवटी. आई रडेल असं त्याला वाटत होतं, ती रडली नाही. वडलांनी मात्र "54 म्हणजे सेकंड क्लास का?" असं तीनदा विचारलं आणि अजूनही त्यांना ते पटलेलं नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला 61 आणि 57 आले. 57 बघून परत तोंड पाडलं होतं, पण ट्यूटरची वेळ त्यानं त्याच दिवशी घेतली, मला सांगितलं ते नंतर.