तह शाबूत, बंदर बंद

प्रश्न : सर, न्यूझीलंडनं १९८५ मध्ये अमेरिकेच्या युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नव्हतं, असं वाचलं. आज मात्र दोन्ही नौदलं एकत्र सराव करतात. मग मित्रराष्ट्र म्हणजे नेमकं काय? आणि एका जहाजाला नकार दिला म्हणून इतकं बिनसावं का?

उत्तर : प्रश्न मनापासून आवडला, कारण नोकरीतली बरीच वर्षं मी जहाजावर काढली आहेत. समुद्रात, चालत्या जहाजात इंधन कसं भरतात ते आधी सांगतो. दोन जहाजं चाळीस-पन्नास मीटर अंतर राखून शेजारी-शेजारी धावतात. एकावरून दुसऱ्यावर बारीक दोरी डागतात, तिच्यामागून जाड दोर, मग पोलादी तार आणि शेवटी तेलाचा पाइप. अंतर कळावं म्हणून मध्ये एक खुणांची दोरी ताणलेली असते, ठरावीक अंतरावर रंगीत झेंड्या लावलेली. समोरचं जहाज परक्या देशाचं असलं, तरी पाइपचं तोंड आपल्या जोडणीत नीट बसावं लागतं, हाताच्या खुणा त्यांना कळाव्या लागतात. मला मैत्री दिसली ती तिथे. तहाचा कागद तिच्या फार मागे असतो.

आता न्यूझीलंड. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांचा अँझस तह १ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. धोका दिसला तर सल्लामसलत करायची आणि आपापल्या घटनेनुसार पावलं उचलायची, असं त्यात आहे. जहाजांच्या मुक्कामाबद्दल चकार शब्द नाही. पण दोन्हीकडच्या आरमारांसाठी रोजचा व्यवहार तोच होता. १९८४ मध्ये डेव्हिड लाँगी यांचं सरकार अण्वस्त्रविरोधी भूमिका घेऊन निवडून आलं. अमेरिकेनं ‘बुकॅनन’ ही विनाशिका पाठवायची ठरवली. ती वाफेवर चालणारी, अणुभट्टी नसलेली. पण तिच्यावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, हे अमेरिका सांगेना. आहेतही म्हणायचं नाही आणि नाहीतही म्हणायचं नाही, हे तिचं जगभराचं धोरण होतं. एका बंदरासाठी ते मोडलं, तर प्रत्येक बंदर तेच विचारणार. न्यूझीलंडला खात्री हवी होती, ती मिळेना. मग न्यूझीलंडनं नकार कळवला. माझ्या मते दोघांचीही अडचण खरी होती, म्हणूनच ती सुटली नाही.

सराव थांबले, गुप्त माहिती आटली आणि १९८६ मध्ये अमेरिकेनं न्यूझीलंडच्या संरक्षणाची जबाबदारी स्थगित केली. मित्र राहा, पण तहातले साथीदार नाही, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत दोन्हींना सर्रास ‘मित्रराष्ट्र’ म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियानं मात्र दोघांशीही तह पाळला. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये आपली भूमिका कायद्यात बसवली. अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांनाही त्यात मनाई आहे.

पुढचं मात्र लोक विसरतात. २०१२ च्या रिमपॅक या अनेक देशांच्या नौदल-सरावाला ‘ते काहा’ ही न्यूझीलंडची फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, आणि ‘एन्डेव्हर’ हे तेलवाहू जहाज अमेरिकेच्या हवाई बेटांवर गेलं. बाकीच्या पाहुण्यांना पर्ल हार्बर या नौदल तळाचा धक्का, यांना होनोलुलूचं नागरी बंदर. सराव बरोबरीनं, मुक्काम वेगळा! माणसाला हे किती लागतं, ते खलाशालाच विचारा. दोन वर्षांनी ती आडकाठी गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘सॅम्पसन’ ही अमेरिकी विनाशिका न्यूझीलंड नौदलाच्या ७५व्या वर्धापनदिनासाठी निघाली होती. कायद्यानुसार पंतप्रधानांनी खात्री करून परवानगी दिली होती. तेवढ्यात न्यूझीलंडमधल्याच कैकौराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती आधी तिकडे मदतीला गेली. २०१७ मध्ये जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ या अमेरिकी विनाशिकेची एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, सात खलाशी गेले. ताफ्यात पडलेली उणीव भरून काढायला न्यूझीलंडनं जहाज देऊ केलं. कोणतं? तेच ‘ते काहा’. ते ‘निमित्झ’ या विमानवाहू नौकेच्या ताफ्यात सामील झालं. ‘निमित्झ’ अणुशक्तीवर चालते, म्हणजे तिला न्यूझीलंडच्या बंदरात आजही येता येणार नाही. कायद्यातला शब्दही बदललेला नाही.

प्रश्न : नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी गटाच्या तहातल्या कलम ५ प्रमाणे एकावर हल्ला झाला की सगळ्यांना युद्धात उतरावंच लागतं ना?

उत्तर : नाही. हल्ला सर्वांवरचा मानायचा, पण प्रत्येकानं स्वतःला ‘आवश्यक वाटेल ती कृती’ करायची, असे १९४९ च्या तहाचे शब्द आहेत. युद्धाचा निर्णय आपल्या हातून जाऊ नये, असा अमेरिकी सिनेटचाच आग्रह होता. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, तेही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी. तेव्हा नाटोची टेहळणी विमानं अटलांटिक ओलांडून गेली आणि ऑक्टोबर २००१ ते मे २००२ पर्यंत अमेरिकेच्या आकाशात पहारा देत राहिली. त्यांवर १३ देशांचे कर्मचारी होते. तह लिहिला तेव्हा मदतीची गरज युरोपला पडेल, असंच सगळे धरून चालले होते.