इस्पितळात नवी जागा नाही म्हणतात, मग पेशंटांच्या गाड्यांसाठी काय सुचवावं?

तुम्ही लिहिलंय की आईला महिन्यातून दोनदा इस्पितळात न्यावं लागतं, दर खेपेला गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं, आणि विचारलं की आवारात आणखी जागाच नाही असं उत्तर मिळतं. आता रोगी कल्याण समितीला पत्र द्यायचंय, त्यात काय लिहावं, असं तुम्ही विचारताय. मी फोंडा तालुक्यातला. बाबांना अडीच वर्षं डायलिसिसला नेत होतो, आठवड्यातून तीनदा. पुढे त्याच इस्पितळात पार्किंगची घडी बसवायला जी चार-पाच माणसं बसली त्यांत मीही होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं बघितलंय.

आधी एक दिवस सांगतो. जुलै होता, सकाळपासून धो धो. बाबांच्या डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी), म्हणजे तो हात धरायचा नाही, दाबायचा नाही. उजव्या हातात काठी. मग गाडीतून उतरवताना त्यांना काखेत हात घालूनच उठवावं लागे. पोर्चमध्ये पोचलो तर तिथे दोन गाड्या इंडिकेटर चालू ठेवून उभ्या, आत माणूस नाही. मागून हॉर्न. वॉचमन धावत आला, "गाडी काढा, ॲम्ब्युलन्स येतेय." त्याचं बरोबरच होतं. मी बाबांना खांबापाशी उभं केलं, "हलू नका, आलोच" म्हणालो आणि गाडी घेऊन निघालो. आवाराला तीन फेऱ्या मारल्या. शेवटी हमरस्त्याच्या कडेला तांबड्या चिखलात गाडी लावली आणि पळत परत आलो. बाबा त्याच खांबाला धरून उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बसायला तिथे एक खुर्चीसुद्धा नव्हती. मला बघून त्यांनी विचारलं, "मिळाली रे जागा?"

घरी परतताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गाडी अर्ध्या किलोमीटरवर लावायला माझी काही हरकत नव्हती, माझे पाय धड होते. तेवढी वीस मिनिटं बाबांना कुणाच्या हवाली करायचं, हा माझा खरा प्रश्न होता. पेशंटला घेऊन येणारा बहुतेक वेळा एकटाच असतो. मुलगा, सून, नवरा, कधी शेजारी. तोच ड्रायव्हर, तोच हात धरणारा, तोच केसपेपर काढणारा. त्याला दारातच गाडी लागते ती याचसाठी. दारात पेशंट ताब्यात घेणारं माणूस असेल तर तीच गाडी आनंदाने लांब जाते.

म्हणून तुमच्या पत्रात पहिली मागणी हीच असू द्या. पोर्चमध्ये सकाळी साडेसात ते दुपारी दोनपर्यंत व्हीलचेअर घेऊन एक अटेंडंट, पावसापासून आडोसा, आणि हात टेकून उठता येईल अशा, हात असलेल्या पाच-सहा खुर्च्या. पोर्चमधून गाड्या एकाच दिशेने जातील, कुणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि ड्रायव्हर गाडी सोडून आत जाणार नाही. हा शेवटचा नियम अटेंडंट असेल तरच पाळला जातो, नुसता बोर्ड लावून नाही. परत जाताना याची गरज आणखी जास्त. डायलिसिस चार तास चालतं, संपल्यावर बीपी उतरलेलं असतं, उभं राहिलं की चक्कर येते. पेशंट खुर्चीत बसलेला आणि शेजारी कुणीतरी असेल तर आपण शांतपणे गाडी आणायला जाऊ शकतो.

आता "जागाच नाही" या उत्तराकडे वळतो. हे उत्तर देणारे खोटं बोलत नाहीत, पण बहुतेकांनी मोजलेलं नसतं. आम्ही एकदा सकाळी सात वाजता गेटपाशी बसलो, वही घेऊन. साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान इमारतीला लागून असलेल्या दोन्ही रांगा भरल्या, आणि भरल्या त्या कर्मचाऱ्यांच्या गाड्यांनी. त्यांतल्या बहुतेक संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. म्हणजे दाराजवळची सगळ्यात मोलाची जागा दिवसभर एकाच गाडीने अडवलेली, आणि त्याच जागेवर एरवी सकाळपासून तीन-चार पेशंटांच्या गाड्या येऊन गेल्या असत्या. यात कर्मचाऱ्यांना दोष देण्यासारखं काही नाही. ते आधी येतात, जागा मोकळी दिसते, लावतात. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळी जागा, तिथून आत यायला छपराची वाट आणि रात्रपाळीच्या नर्सना पुरेसा उजेड, एवढं दिलं तर ते जातात. आमच्याकडे नर्सनीच आधी होकार दिला. अट एकच घातली, की रात्री आठनंतर निघणाऱ्यांना इमारतीजवळ गाडी लावू द्यावी. मला ती अगदी रास्त वाटली आणि मान्यही झाली. डॉक्टरांपैकी काहींशी मात्र बरेच महिने बोलावं लागलं. ऑन-कॉल सर्जनची गाडी दाराजवळ हवी हे कुणालाही पटेल. सगळ्याच विभागांसाठी नाव लिहिलेल्या राखीव जागा मात्र पटण्यासारख्या नाहीत.

दुसरा हिशेब वेळेचा. समजा तासाला ६० गाड्या येतात आणि प्रत्येक सरासरी ३ तास थांबते. म्हणजे कोणत्याही क्षणी साधारण १८० गाड्या आवारात असणार, तेवढ्या जागा हव्यात. तीच गाडी २ तासांत बाहेर पडली तर १२० जागा पुरतात. एकही वीट न लावता ६० जागा मिळाल्या. मग बघायचं की पेशंट ३ तास का थांबतो. ओपीडीच्या सगळ्या पेशंटांना सकाळी आठलाच बोलावलं जातं, म्हणून सगळ्या गाड्याही आठलाच येतात आणि साडेबाराला एकदम बाहेर पडू बघतात. नंबर देतानाच "साडेदहा ते साडेअकरा" अशी वेळ लिहून दिली, मधुमेहाची ओपीडी आणि हाडांची ओपीडी एकाच दिवशी ठेवली नाही, रिपोर्ट न्यायला पुन्हा यावं न लागता मोबाईलवर पाठवला, तर पार्किंग आपोआप मोकळं होतं. समितीत हा मुद्दा मांडलात की कुणीतरी म्हणेल, "हा पार्किंगचा विषय नाही." चिकाटीने पुन्हा मांडा. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत इथेच आहे.

गोव्यात या गर्दीला आणखी एक कारण आहे. पूर्वी इस्पितळं भर गावात होती. गोवा मेडिकल कॉलेजची परंपरा १८४२ सालच्या पणजीतल्या वैद्यकीय शाळेपासूनची, मांडवीच्या काठावरची. आज गोमेकॉ बांबोळीच्या पठारावर आहे. म्हापशातलं आझिलो इस्पितळ शहराच्या कडेला, पेडेला गेलं. इमारती मोठ्या झाल्या, सोयी वाढल्या, हे चांगलंच झालं. पण बाजारातून चालत इस्पितळात जाणारा माणूस आता वाहनाशिवाय पोचत नाही. वाळपईहून किंवा काणकोणहून आजारी माणसाला घेऊन दोन बसगाड्या बदलायच्या, त्यापेक्षा लोक कुणाची तरी गाडी मागून आणतात. बांबोळीला तर सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारकडूनही पेशंट येतात. त्या गाड्या पहाटे निघालेल्या असतात आणि दिवसभर थांबतात. ड्रायव्हर सीट मागे करून झोपलेला दिसतो. अशा गाड्यांना लांबची जागा सहज चालेल, फक्त तिथे सावली, पिण्याचं पाणी आणि शौचालय हवं. हे तिन्ही नसतं म्हणून ते दारापाशी येऊन थांबतात. (सावली म्हणून माडाखाली जागा आखू नका. पावसात झावळी किंवा नारळ काचेवर पडला की भांडण इस्पितळाशीच होतं.) कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची बस गेटबाहेर हमरस्त्यावर न थांबता आवारात येऊन, ओपीडीच्या वेळांना धरून सुटली, तर काही गाड्या घरीच राहतील. हे इस्पितळाच्या एकट्याच्या हातात नाही, पण पत्राची प्रत महामंडळाला पाठवायला काय हरकत आहे?

दिव्यांगांच्या जागेबद्दल एक काम तुम्ही स्वतः करा. टेप घेऊन जा आणि मोजा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही जागा ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असायला हवी, आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. नेहमीची जागा अडीच मीटर रुंद असते. बऱ्याच ठिकाणी त्या अडीच मीटरच्या चौकोनातच निळं चित्र रंगवलेलं असतं. मग शेजारी दुसरी गाडी लागली की दार अर्धंच उघडतं आणि व्हीलचेअर गाडीला टेकवता येत नाही. वरचा जादा मीटरभर त्या व्हीलचेअरसाठीच तर आहे. शिवाय तिथून दारापर्यंत मध्ये एकही पायरी नको, रॅम्प हवा, आणि त्या वाटेवर सुटी खडी नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे, त्यामुळे या मागणीला नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं. मोजमाप पत्रात लिहा, फोटो जोडा.

स्कूटर विसरू नका. गोव्यात घरटी स्कूटर आहे आणि औषधं आणायला, डबा पोचवायला नातेवाईक तीच घेऊन येतात. वेगळी जागा नसली की एकेक स्कूटर गाडीच्या चौकोनात आडवी लागते. एका गाडीच्या जागेत पाच-सहा स्कूटर नीट बसतात. छपराचा एक लांब पट्टा आखून दिला की गाड्यांच्या कितीतरी जागा परत मिळतात. फार थोड्या खर्चाचं काम आहे.

भेटायला येणाऱ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे आजारी माणसाला बघून येणं हे कर्तव्य मानतात, आणि ते मला प्रिय आहे. बाबा ॲडमिट असताना वाड्यावरचे लोक यायचे त्याने त्यांना जेवढं बरं वाटायचं तेवढं कशानेच नाही. म्हणून "भेटायला येऊ नका" असा बोर्ड मला कधीच पटला नाही. पण सगळ्या वॉर्डांची वेळ चार ते सहा असली की पावणेचारला गेटबाहेर रांग लागते. मजल्यांप्रमाणे वेळ पाऊण-एक तासाने मागे-पुढे केली तर तीच माणसं त्याच जागेत सामावतात.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. पेशंटकडून पार्किंगचे तासावर पैसे घेऊ नयेत, कारण तो किती वेळ थांबणार हे डॉक्टरांची रांग ठरवते. तरी सगळंच मोकळं सोडलं तर हमरस्त्याजवळच्या इस्पितळात गाडी लावून बसने कामाला जाणारेही सापडतात, आम्हाला सापडले. त्यावर साधा तोडगा: आत येताना चिठ्ठी, केसपेपरच्या खिडकीवर किंवा वॉर्डात शिक्का, शिक्का असेल तर फुकट, नसेल तर पैसे. आणि डायलिसिस, किमो, रेडिएशनवाल्यांना महिन्याचा पास, दाराजवळच्या ठरावीक जागांसाठी. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत वारंवार यावं लागणाऱ्या पेशंटांना, दिव्यांगांना आणि रात्री आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या आईबापांना पार्किंग फुकट ठेवण्याचा नियम आहे. तोच न्याय इथे मागायला संकोच कशाला.

बहुमजली पार्किंगची मागणी लगेच करू नका. बांधायला वर्षं जातात आणि तोवर "काम चालू आहे" म्हणून बाकी सगळं अडतं. यंत्राने गाडी वर उचलणारं पार्किंग तर इस्पितळाला मुळीच नको. दुपारी एकदम पन्नास गाड्या निघतात तेव्हा प्रत्येकाला खाली यायची वाट बघावी लागते, आणि वीज गेली की विचारूच नका.

पत्राबरोबर मोजणी जोडा, नाहीतर ते फायलीत जाईल. एक सोमवार, एक मधला वार आणि एक शनिवार असे तीन दिवस निवडा. आधी प्रशासनाला सांगून वॉचमनला विश्वासात घ्या, तोच सगळ्यात जास्त मदत करतो. वहीत पाच रकाने पाडा: गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, कर्मचारी की पेशंट की भेटायला आलेले, आणि पाचवा रकाना "पेशंटबरोबर माणूस एकटाच का?" यासाठी. आमच्या वहीत हा पाचवा रकाना खुणांनी भरून गेला होता, आणि बैठकीत ती पानं फिरवल्यावर पोर्चसाठी अटेंडंट त्याच महिन्यात मिळाला. खुर्च्या यायला दिवाळी उजाडली.