‘खरबूज’ शब्द कुठून आला आणि त्याचा अर्थ काय?

फारसीतून. मूळ शब्द ‘खरबुजा’. फारसीत ‘खर’ म्हणजे गाढव, ‘खरगोश’ म्हणजे गाढवासारखे कान असलेला. पण नावाआधी ‘खर’ लागला की मोठं, आडमाप असाही अर्थ होतो, आणि खरबुजाच्या बाबतीत बहुतेक तोच धरतात. त्यामुळे ‘गाढवाचं फळ’ हे आपलं विनोदापुरतं ठीक! संस्कृत वैद्यकात याला ‘दशांगुल’ही म्हटलंय.

आमच्या बडोद्यात मराठी घरांतही ‘खरबूज’ क्वचितच ऐकू येतं. लारीवाला ‘शक्करटेटी’ ओरडतो, म्हणून आम्हीही टेटीच म्हणतो. त्यातली शक्कर म्हणजे साखर, संस्कृत शर्करा. पुण्याहून नवीन आला असाल तर एवढं लक्षात ठेवा: इथे ‘तरबूच’ मागितलंत की हातात कलिंगड पडेल.