गुडघ्याच्या एमआरआयमध्ये 'ग्रेड 3 कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झीज' आलीय, सांधा बदलावा लागेल का?

रिपोर्टमधल्या त्या एका ओळीवरून तरी नाही. आधी ही ग्रेड कुठल्या मापाची ते विचारा. एमआरआयवर सहसा सुधारित आउटरब्रिज हे माप वापरतात. त्यात ग्रेड 3 म्हणजे कूर्चेची निम्म्याहून जास्त जाडी गेली, पण हाड उघडं पडलेलं नाही. केलग्रेन-लॉरेन्स या दुसऱ्या मापाची ग्रेड 3 एक्स-रेवरची. तिचा अर्थ सांध्यातली फट नक्की कमी झालीय आणि हाडाला काटे फुटलेत. दोन्ही मापं 4 पर्यंतच जातात, म्हणून सर्रास गल्लत होते. मापाचं नाव न लिहिता नुसता आकडा टाकणारा रिपोर्ट अर्धवटच म्हणायचा.

झीज कुठे आहे, वाटीमागे की मांडीच्या हाडाच्या वजन पेलणाऱ्या भागावर? किती मिमी लांब-रुंद? खालच्या हाडात सूज आहे का? हे त्यात हवंच.

स्कॅन कसा काढला तेही पाहा. फॅट सप्रेशनसह (चरबीचा सिग्नल दाबून) प्रोटॉन डेन्सिटी हा चित्रांचा प्रकार हवा, तिन्ही प्रतलांत (दिशांत), काप 3 मिमीचे किंवा त्याहून पातळ. वाटीची कूर्चा ॲक्शियलवर (आडव्या कापांवर) वाचायची. सॅजिटलवर (बाजूने दिसणाऱ्या उभ्या कापांवर) वाटीच्या उताराला काप तिरका लागतो, हाड, कूर्चा आणि पाणी एकाच ठिपक्यात मिसळतात आणि नसलेला खड्डा दिसतो. टीई (सिग्नल किती वेळाने टिपायचा ती वेळ) 10-15 मिलिसेकंद ठेवला तर आणखी एक घोळ: कोलॅजनचे तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी 55 अंशांच्या आसपास आले की धडधाकट कूर्चाही उजळते. मग बिनदिक्कत 'ग्रेड 1', म्हणजे सुरुवातीची झीज, लिहिलं जातं! टीई 35-40 केला की हे बरंच आटोक्यात येतं.

आणि उभं राहून काढलेला एक्स-रे कुठाय? चाळिशी-पन्नाशीपुढच्या नेहमीच्या गुडघेदुखीत पहिली तपासणी तीच. थेट एमआरआय लिहून देणाऱ्यांचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही. झोपवून काढलेल्या एक्स-रेत फट खोटी मोठी दिसते आणि एमआरआयही झोपवूनच होतो. अर्थात उभ्या एक्स-रेतली कमी फट म्हणजे कूर्चाच गेली असंही नाही, मेनिस्कस (सांध्यातली गादी) बाहेर सरकला तरी ती कमी होते.

सांधा बदलायचा निर्णय दुखणं किती, चालणं किती उरलंय आणि व्यायाम-औषधांनी फरक पडतो का, यावर होतो. मात्र गुडघा मध्येच अडकत असेल किंवा एकाएकी असह्य कळ सुरू झाली असेल, तर एमआरआय लवकर करावा. कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, आणि त्या पायावर भार टाकत राहिलं तर हाड खचतं.