डच मुलाला इंग्रजीतली तर-तम रूपं कशी शिकवावीत?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी तुम्ही आइंडहोवनला राहायला आलात, शेजारच्या बाईंनी त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी घ्याल का असं विचारलं, आणि त्याच्या पुस्तकातला पुढचा धडा नेमका 'बिग, बिगर, बिगेस्ट'चा निघाला. तुम्ही नियमांचा तक्ता करून ठेवलाय आणि सुरुवात कुठून करू असं विचारताय. मी उट्रेख्टमध्ये गेली नऊ वर्षं डच मुलांना, आणि अधूनमधून त्यांच्या आईवडिलांनाही, घरी इंग्रजी शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं सांगणं हे, की तो तक्ता पहिल्या दिवशी काढूच नका. तो तक्ता तुमच्या-माझ्यासारख्या मुलांसाठी असतो. मराठीत 'उंच' हा शब्द तसाच राहतो, तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' आणि 'सर्वात' करतात. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' आपल्याकडे उरले ते तारतम्यात आणि मसावि-लसाविच्या महत्तम-लघुत्तमात. त्यामुळे 'टॉल'ला 'अर' लावायचं हेच आपल्याला मुळात नवीन होतं, आणि शाळेत आपण 'ही इज टॉल दॅन मी' असं बिनधास्त लिहायचो. डच मुलाची ही अडचणच नाही. त्याच्या भाषेत 'मोठा'साठी ख्रोट, ख्रोटर, ख्रोटस्ट असंच चालतं. 'पातळ'साठी त्याच्याकडे डुन, डुनर आहे आणि तिथेही एन दोनदा लिहितात, थिन-थिनरसारखाच. शिवाय इथे प्राथमिक शाळेत १९८६ पासून इंग्रजी सक्तीचं आहे. टीव्हीवरच्या इंग्रजी मालिका डब न करता खाली अक्षरं देऊन दाखवतात, म्हणून त्याचा कानही तयार असतो. त्याला 'बिगर' शिकवायला बसलात तर दहा मिनिटांत तो खिडकीबाहेर बघायला लागेल.

त्याच्या चुका होतात त्या दोन्ही भाषा इतक्या सारख्या असल्यामुळे. डच वाक्य तो शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेतो, आणि दहातल्या सात वेळा ते बरोबर येतं, म्हणून उरलेल्या तीन वेळा त्याला शंकाही येत नाही. तुम्हाला शिकवायच्या आहेत त्या या तीन वेळा.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं: 'माय ब्रदर इज लॉंगर देन मी.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही थेट डचमधून आलेल्या. डचमध्ये माणसाच्या उंचीलाही 'लांग' म्हणतात आणि दोरीच्या लांबीलाही 'लांग'च. ज्या देशात पुरुषांची सरासरी उंची १८३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, तिथे हा शब्द मुलांच्या तोंडी रोज असतो, त्यामुळे ही चूक तुम्हाला हमखास भेटेल. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दोन्ही भावांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तारखांसकट. मी त्याला तिथे उभं केलं आणि म्हटलं, चौकटीशी उभा राहून मोजतोस ते टॉल. आता जमिनीवर आडवी पट्टी ठेव, ती लॉंग. त्याने प्रत्येक खुणेशेजारी इंग्रजीत एकेक वाक्य लिहिलं. नंतर ही चूक त्याने केल्याचं मला आठवत नाही.

दुसरी चूक 'देन'ची. डचमध्ये 'दान' हा एकच शब्द 'मग' आणि 'पेक्षा' ही दोन्ही कामं करतो. (इंग्रजीतही मुळात हा एकच शब्द होता, दोन स्पेलिंगं नंतर वेगळी झाली.) मुलांना बोलताना अडत नाही, लिहिताना मात्र ए की ई हे कळत नाही. यावर माझा उपाय त्यांच्याच भाषेतला आहे. 'दान'च्या जागी 'दारना', म्हणजे 'त्यानंतर', घालून बघायचं. वाक्य जमलं तर ई घालून 'देन' लिही, नाही जमलं तर ए घालून 'दॅन'. 'माझा भाऊ माझ्या त्यानंतर उंच' असं कोणी म्हणणार नाही, म्हणून तिथे ए. मुलांना ही परीक्षा आवडते, कारण ती स्वतःची स्वतःला घेता येते.

याच्याच शेजारी 'आल्स' बसलाय. डच शाळेत बजावून सांगतात की कमीजास्त असेल तर 'दान' आणि सारखं असेल तर 'आल्स', पण बोलण्यात 'ख्रोटर आल्स' सर्रास ऐकू येतं आणि त्यावर मोठी माणसंही एकमेकांना टोकतात. इंग्रजीत या दोघांची जोडी चोख लागते: 'दान'ला 'दॅन', 'आल्स'ला 'ॲज'. म्हणजे मुलाचं शुद्ध डच पक्कं असेल तर अर्धं काम झालेलंच असतं. फक्त 'इतकाच मोठा'साठी ते 'नेट झो ख्रोट आल्स' म्हणतात, त्याचं इंग्रजीत 'जस्ट सो बिग ॲज' होऊन बसतं. तिथे दोन्ही बाजूंना 'ॲज' लागतो हे घोकूनच घ्यावं लागतं, त्याला युक्ती नाही.

आता 'मोर'चं प्रकरण. खरी मेहनत इथे आहे. डचमध्ये शब्द कितीही लांब असला तरी बहुतेक वेळा शेपूट लागतंच: इंटरेसांटर, बेलांग्रेइकर, एलेखांटर. 'मेस्ट', म्हणजे इंग्रजीतला 'मोस्ट', ते वापरतात, पण मुख्यतः शब्दाच्या शेवटी आधीच 'स्ट'सारखा आवाज असेल आणि जीभ अडखळत असेल तर. म्हणून 'इंटरेस्टिंगर', 'इम्पॉर्टंटर' ही रूपं डच मुलाच्या कानाला अजिबात खटकत नाहीत. नियमाऐवजी मी टाळ्या वाजवायला सांगते. बिग, एक टाळी, 'अर' लाव. ब्युटिफुल, तीन टाळ्या, 'मोर' लाव. दोन टाळ्यांना थांबून शेवट बघायचा: हॅपी, ईझी असा वायचा शेवट असेल तर वाय जाऊन आय येतो आणि 'अर' लागतं; फेमस, मॉडर्न, केअरफुल यांना 'मोर'. क्लेव्हर, सिंपल, नॅरो, क्वाएट असे काही शब्द दोन्हीकडे चालतात, तिथे लाल पेन उचलू नका. 'मोर' शिकवल्यावर पुढचे पंधरा दिवस 'मोर ईझी' आणि 'मोर बिगर' ऐकू येईल. घाबरू नका, नवीन शब्द हातात आला की मूल तो सगळीकडे लावून बघतंच.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते 'जितकं-तितकं'. डचमध्ये 'हू ख्रोटर, हू बेटर' म्हणतात, आणि 'हू' म्हणजे 'कसं' किंवा 'किती'. मूल इंग्रजीत सरळ 'हाउ बिगर, हाउ बेटर' लिहितं. इंग्रजीत दोन्हीकडे 'द' लागतो: 'द बिगर, द बेटर'. इथे मराठी माणूस शिकवायला बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे. 'हाउ'च्या जागी 'द' कुठून आला हे इंग्रज माणसाला सांगता येत नाही, कारण त्याला ते कधी विचित्र वाटलेलंच नसतं. आपण तिसऱ्या भाषेतून आलेलो असतो, आपल्याला दोन्हीकडचे सांधे दिसतात. तुम्ही त्याला 'जितकं मोठं तितकं चांगलं' हे मराठीतून म्हणून दाखवा. आपल्याकडे दोन जागी दोन वेगळे शब्द, डचमध्ये 'हू' दोनदा, इंग्रजीत 'द' दोनदा. तीन भाषा समोरासमोर ठेवल्या की त्याचं त्यालाच उमगतं की प्रत्येक भाषेची मोडणी आपापली असते.

'सर्वात'च्या रूपांत मोठी चूक एकच: 'द बिगेस्ट पोर्ट ऑफ द वर्ल्ड'. डचमध्ये 'फान द वेरल्ट' म्हणतात, फान म्हणजे 'चा', म्हणून 'ऑफ'. इंग्रजीला जागेसाठी 'इन' हवा, आपल्या 'जगातलं'सारखा. सरावाला इथल्याच गोष्टी घ्या. रॉटरडॅमचं बंदर १९६२ ते २००४ मालाच्या हिशेबाने जगात पहिलं होतं, आता ते युरोपात पहिलं आहे. आमच्या उट्रेख्टचा ११२ मीटरचा डोम टॉवर देशातला सर्वात उंच चर्चचा मनोरा आहे. आणि देशातला सर्वात उंच डोंगर कोणता, हे जरूर विचारा. मूल ठामपणे फाल्सरबेर्ख म्हणेल, ३२२ मीटर. मग सांगा की २०१० साली कॅरिबियनमधलं साबा बेट नेदरलँड्सची खास नगरपालिका झालं, तेव्हापासून हा मान तिथल्या माउंट सीनरीकडे गेलाय. यावर माझ्याकडे दर वर्षी वाद होतो, आणि त्या वादात 'हायर दॅन', 'द हाएस्ट इन' इतक्या वेळा येतं की वेगळा स्वाध्याय द्यावा लागत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की 'सेकंड बिगेस्ट' म्हणताना तो अडखळला, ते का. डचमध्ये रॉटरडॅमला 'ओप एन ना ख्रोटस्ट' शहर म्हणतात, म्हणजे शब्दशः 'एक सोडून सर्वात मोठं'. हेग 'दोन सोडून'. त्यामुळे हेग इंग्रजीत सांगताना त्याच्या मनात दोनचा आकडा असतो आणि तोंडून 'थर्ड' यायला हवं असतं, गोंधळ होणारच. त्याला कागदावर आम्सटरडॅम, रॉटरडॅम, हेग, उट्रेख्ट अशी चार शहरं उतरत्या क्रमाने लिहायला सांगा, शेजारी १, २, ३, ४ घालू द्या, आणि इंग्रजी बोलताना बोट आकड्यावर ठेवायला लावा. पहिल्या तासाला एवढं आणि दाराच्या चौकटीवरच्या खुणा पुरे आहेत.