‘लढाई थंड आहे’ म्हणजे काय?

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनमध्ये, इटलीच्या आघाडीवर होते. मार्च 1945 मधली त्यांची दोन पत्रं सापडली. दोन्हींत ‘इकडे लढाई थंड आहे, काळजी नसावी’ एवढंच, आणि खाली लोकरीचे मोजे मागितलेत. काका म्हणतात, म्हणजे तिकडे नुसतेच बसून होते. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, काकांना आधी रामराम सांगा. लढाई थंड होती हे खरं, बसून होते हे खोटं.

ती बटालियन 8व्या भारतीय डिव्हिजनची. डिसेंबर 1944 अखेर जर्मनांनी सेर्किओ खोऱ्यात मुसंडी मारली तेव्हा डिव्हिजन तिकडे धावली, आणि हिवाळा सरताना सेनिओ नदीवर आली. आघाडी तिथं जानेवारीपासून थबकलेली. चिखल, तोफगोळ्यांचं रेशनिंग, त्यात कॅनडाच्या फौजा इटलीतून हलवल्या. मोठा हल्ला एप्रिलवर ढकलला.

सेनिओ म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढा म्हणा. पाणी पंधरा-एक फूट रुंद. पण दोन्ही काठांना पुराचे बांध, दुमजली घराएवढे उंच. जर्मनांनी ते उंदरासारखे पोखरून आत मोर्चे, म्हणजे आडोशाला बसून लढायच्या जागा, केलेले. कित्येक जागी अलीकडच्या बांधाच्या बाहेरच्या उताराला आपली माणसं आणि त्याच बांधाच्या आतल्या उताराला जर्मन. मध्ये फक्त माती. तिकडचा खोकला इकडे ऐकू यावा इतकं अंतर. बॉम्ब फेकायला जोर लागायचा नाही, माथ्यावरून नुसता पलीकडे सोडायचा. तिकडूनही तसाच यायचा.

दिवसा डोकं वर काढायची सोय नाही. सगळं काम अंधारात : तार दुरुस्त करा, मातीच्या गोण्या भरा, मागून जेवण-पाणी-गोळ्या वाहून आणा, जखमी मागे न्या. आणि गस्त. पाणी किती खोल, सुरुंग कुठवर, मशीनगन काल होती तिथंच आहे की हलली. जर्मनांचे काही सुरुंग लाकडी खोक्यातले, शोधायच्या यंत्राला न सापडणारे. छोटेच, पण पाऊल घेऊन जाणारे. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळी कंपनी हत्यार घेऊन मोर्चात उभी, त्याला आम्ही फौजी ‘स्टँड-टू’ म्हणतो. हल्ला होवो न होवो, रोज.

मी नियंत्रण रेषेवर दोन हिवाळे काढले, पन्नास वर्षांनंतरच्या काळात. बातम्यांत तेव्हा ‘सीमेवर शांतता’ असायची. गस्त निघाली की मी मोर्चात बसून परतणारी पावलं मोजायचो. सहा गेले, सहा आले, मगच चहाला हात लावायचो. एकदा पाचच मोजले. सहावा बुटाची नाडी बांधायला मागे थांबला होता. तेवढ्या मिनिटात मला घाम फुटला, तोही बर्फात. त्या आठवड्यात घरी मी पत्रात काय लिहिलं असेल? ‘सर्व क्षेम.’ पणजोबांच्या वेळी तर वर सेन्सॉरही होता. नदीचं नाव लिहिलं असतं तर त्यावर काट मारली गेली असती.

मोज्यांचं मात्र त्यांनी खरं लिहिलंय. ओल्या मोर्चात पाय दिवसेंदिवस भिजले की कातडी पांढरी पडते, सुजते, मग कुजायला लागते. कोरडा जोड छातीशी ठेवायचा, ओला बदलायचा, पाय चोळायचे, हे बंदूक साफ करण्याइतकंच रोजचं काम.

9 एप्रिलच्या संध्याकाळी याच बटालियननं सेनिओ ओलांडली. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. दोन जखमींना त्यांनी एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं, मग एकट्यानं मशीनगनचे मोर्चे मोडले आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकत मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. ती संध्याकाळ पुस्तकांत आहे, मार्चमधल्या रात्री नाहीत.

पणजोबांचा सैनिक क्रमांक पाकिटावर असेल तर तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला लिहा. पितळी चांदणीसारखं ‘इटली स्टार’ पदक घरात कुठे पडलंय का, तेही पाहा.

आणि ते मोजे घरून कुणी पाठवले होते का? आठवत असेल तर मला जरूर कळवा.